साठीनंतरचं पहिलं विमान

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा छंद लागलाय, आणि निवृत्तीच्या पैशांतून थेट स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल, आणायचा बेत दिसतोय तुमचा. थांबा जरा. देखणं असतं ते, पण वेग थोडा पडला की एका पंखावर कलंडून खाली येतं. पहिलं विमान फोमचंच घ्या, धडाच्या वर पंख असलेलं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी सव्वा-दीड मीटर. त्याहून लहान घेतलंत तर आपल्या वयाच्या डोळ्यांना शंभर मीटरवर ते घार की विमान, कळत नाही. पंखाच्या खालच्या बाजूला काळे जाड पट्टे मारा.

उडवण्याआधी दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचला. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर. नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, तसंच उडवू नका.

खरी गंमत विमान आपल्याकडे यायला लागलं की. डावं-उजवं उलटं होतं! माझं दुसरंच उड्डाण, ते उजवीकडे कललं, मी घाबरून रिमोटची काडी उलटी दिली आणि विमान बाभळीत. काटे काढत दुपार गेली. तेव्हापासून एकच करतो: समोरून येताना जो पंख खाली दिसेल, त्याच बाजूला काडी. जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय.

विमानाची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर. आणि बाकी जोडाजोडी, तपासणी करताना मोटरचा फिरता पंखा काढलेला बरा, बोटं आपलीच असतात.