आईला अल्झायमर आहे, माझं कोलेस्टेरॉल जास्त. जीनमुळे मलाही होईल का?

होईलच असं नाही. तुम्ही म्हणता तो जीन एपीओई, १९व्या गुणसूत्रावरचा. त्यापासून बनणारं प्रथिन मेंदूत कोलेस्टेरॉलची हमाली करतं. आधारपेशींकडून उचलायचं, चेतापेशींना पोचवायचं. ई२, ई३, ई४ असे त्याचे प्रकार. ई४ची हमाली ढिली, शिवाय अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा) कचराही साचत जातो. ई४ आणि अल्झायमरचा हा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सापडला. ई४ची एक प्रत असली तर धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर आठ-बारा पट. पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. आणि ई४ असूनही म्हातारपणी ठणठणीत असणारे आहेतच. एबीसीए७, सॉर्ल१ हे जीनही अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेले.

गंमत म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळपास शिरतच नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. त्यामुळे सावजीची तर्री सोडली की अल्झायमर टळला, इतकं सोपं गणित नाही (मी नागपूरचा, सोडणं जमलंही नसतं). मात्र मध्यमवयात वाढलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांत धरलंय. तेव्हा आधी ते आटोक्यात आणा. जीनची चाचणी न्यूरोलॉजिस्टशी बोलल्याशिवाय करू नका.