घड्याळ म्हणतं १७८, दम तर लागतच नाही

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, साताऱ्याचा. हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करतोय. बायकोने जीपीएस वॉच घेऊन दिलं, झोनच्या, म्हणजे ठोक्यांच्या ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलं की मनगटावर थरथरतं आणि हळू पळा म्हणतं. पण मित्राशी गप्पा मारत आरामात पळतोय तरी हार्टरेट १७८! घाबरू का?

उत्तर: अहो आधी एक करा, एका मिनिटात पावलं किती पडतात ते मोजा. १७५-१८०च्या आसपास आली, तर घड्याळ बहुतेक ठोके नाही, तुमची पावलंच मोजतंय! मागचा हिरवा लाइट कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतो, पट्टा सैल असला की हात हलण्याचा ठेका त्यात मिसळतो आणि ते गंडतं. पहाटे थंडीत कातडीतलं रक्त कमी होतं, मग तर विचारूच नका. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरी तेच आलं तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो (पॅड ओले करून लावा, कोरडा पट्टा पण वेड्यासारखे आकडे देतो).

आणि ते झोन? बऱ्याचदा २२० वजा वय, म्हणजे तुमचे १७९, यावरून काढलेले असतात, प्रत्यक्षात माणसागणिक १०-१२ ठोके सहज इकडेतिकडे होतात. पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, मग पळा बिनधास्त. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा छातीच्या पट्ट्यावर पण १७८च आलं तर घाट राहू दे, आधी डॉक्टर गाठा.