पेट्रोल महाग झाल्यामुळे घरखर्चात कुठे काटछाट करता येईल? बेळगावकरांनी सांगावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पगार २२ हजार, हिंडलग्याच्या बाजूने रोज उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत ये-जा, पेट्रोलला अडीच हजारांच्या वर जातात, म्हणून 'घरखर्चात' कुठे काटछाट करावी, आणि सीमेपलीकडे जाऊन पेट्रोल भरलं तर काही वाचतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, नाही वाचत. पहिल्याबद्दल मलाच तुम्हाला विचारायचंय. पेट्रोल तुम्ही घरखर्चात धरलेलंच नाही काय?

बघा, हा शब्द मला लागतो. आमच्याकडे घरखर्च म्हणजे माझ्या हातात येणारे पैसे. किराणा, भाजी, दूध, गॅस, पोरीच्या वह्या. पेट्रोल ह्यांच्या खिशातलं. त्याचा हिशेब कुणी विचारायचा नाही, आणि ते महागलं की काटछाट मात्र माझ्या डब्यातली.

आम्ही बेळगावजवळच्या उचगावचे. हे उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहेत. मी घरी ब्लाऊज शिवते. २०२१ च्या पावसाळ्यात इकडे पेट्रोल शंभरावर गेलं. हे एक दिवस कामावरून आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पेट्रोल शंभरावर गेलंय. ह्या महिन्यापास्नं पाचशे कमी देतो. भाजीत बघ जरा." ९ हजारांचे साडेआठ झाले. भाजीत काय बघायचं? बेळगावची बरीचशी भाजी रोज गोव्याला जाते, ती काय आमच्यासाठी स्वस्त होऊन थांबते? डिझेल वाढलं की टेम्पोचं भाडं वाढतं आणि मेथीच्या जुडीवर ते आपोआप येतं. म्हणजे पेट्रोलमुळे माझे ५०० गेले आणि डिझेलमुळे उरलेल्या साडेआठात माल कमी यायला लागला. मी दुधाची दुसरी पिशवी बंद केली, खोबरं निम्म्यावर आणलं, दोन महिने चादरी घरी धुतल्या. कुरकुर केली नाही. कोरोनात ह्यांच्या कंपनीने पगार कापला होता, ते मलाही दिसत होतं.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ५ रुपयांनी उतरवलं आणि कर्नाटकाने आपला कर आणखी ७ रुपयांनी. एका रात्रीत लिटरमागे बारा-तेरा रुपये खाली. ११३ च्या आसपासचं पेट्रोल १०० वर आलं. मी फराळाचं ताट देता देता म्हटलं, "आता माझे पाचशे परत द्या." हे म्हणाले, "उतरलं म्हणून काय झालं? परत वाढणारच की."

इथून आमचं भांडण सुरू झालं. अजून संपलेलं नाही, म्हणून तर तुमच्या प्रश्नाला एवढं लांबलचक लिहायला बसले.

आता सीमेपलीकडचं सांगते. कर्नाटकाने कर उतरवला, महाराष्ट्राने तेव्हा उतरवला नाही. पेट्रोल जीएसटीत येत नाही, प्रत्येक राज्य आपापला विक्रीकर लावतं, त्यामुळे सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. त्या दिवाळीपासून हा फरक लिटरला नऊ-दहा रुपयांचा झाला. निपाणी-कोगनोळीकडच्या पंपांवर एमएच नंबरच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या. आमच्या घरी रांग नव्हती, दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. चंदगड तालुक्यातले, आमच्या घरापासून बावीस किलोमीटर. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस, त्याला दरवर्षी दंडाला काळी पट्टी बांधणारा माणूस. तो तीनच दिवसांनी कर्नाटकाच्या पेट्रोलचं कौतुक करायला लागला. एक रविवार आड सकाळी दहाच्या सुमारास यायचे. आधी पंपावर जाऊन टाकी फुल्ल करायची, मग आमच्या परसात गाडी लावायची. गाडीला काकवीचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधलेला असायचा. पंपावर कॅनमध्ये देत नाहीत ना. मग टाकीत नळी घालायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, पेट्रोल आलं की थू थू करत ती कॅनमध्ये सोडायची. कॅन भरला की पुन्हा पंपावर जाऊन टाकी फुल्ल. आले की, "वहिनी, वाईच पाणी द्या की चूळ भरायला." चूळ तुळशीपाशी. दोरीवर वाळत घातलेल्या गिऱ्हाइकांच्या अस्तराच्या कापडाला वास लागायचा तो वेगळाच. एकीने ब्लाऊज नाकाला लावून विचारलं, तुमच्यात काय गॅरेज काढलंय?

आणि जावई घरी आला म्हटल्यावर मटण. मळेकरणी देवीच्या, मटणाच्या जेवणावळींच्या गावात राहून जावयाला वरण-भातावर कसं पाठवणार? सासूबाई तर सकाळपासून खोबरं भाजायला बसायच्या. जे खोबरं मी माझ्या वाटणीतून निम्मं केलं होतं, तेच.

हे खूश. "दाजी हुशार माणूस. बघ, गोव्यात पेट्रोल स्वस्त झालेलं तेव्हा आम्ही गेल्लो, तसंच." हेही सांगून टाकते. २०१२ साली पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, तेव्हा आमच्या गल्लीतले चौघे चोर्ला घाट उतरून टाकी भरायला गेले होते. येताना एक गाडी घाटातच तापून बंद पडली आणि टेम्पोत घालून आणावी लागली. ती गोष्ट आमच्याकडे अजून पराक्रम म्हणून सांगतात, टेम्पोचं भाडं कुणी सांगत नाही.

मी ब्लाऊजच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर हिशेब मांडला. दाजींची टाकी नऊ लिटर, कॅन पाच. चौदा लिटरला साडेनऊ रुपयांप्रमाणे १३३ रुपये वाचले. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देते असं तेच सांगायचे, म्हणजे ८८ रुपयांचं पेट्रोल जाळलं. निव्वळ फायदा ४५ रुपये. त्यावर अर्धा किलो मटण, तेव्हा साडेसहाशे रुपये किलो होतं, म्हणजे ३२५. मसाला, गॅस, दोन वेळचा चहा धरलाच नाही. दाजींना ४५ रुपये मिळावेत म्हणून माझ्या साडेआठ हजारांतून दर खेपेला सव्वातीनशे जायचे. वरून शीर्षक दिलं, 'दाजी – पेट्रोल'.

ती वही ह्यांच्या हाती लागली. हे चिडले, सासूबाईंना वाचून दाखवली, सासूबाईंनी फोनवर नणंदेला सांगितलं. "माझ्या नवऱ्याच्या तोंडातला घास मोजतेस काय?" मी म्हटलं, "अक्का, घास नाही, लिटर मोजले." त्यानंतर अक्का वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही.

तेव्हा सीमेपलीकडच्या पेट्रोलचं उत्तर हे असं. तुम्हाला तर पलीकडे महागच पडतं, आणि पलीकडच्यांनीही एरवी इकडून जायचं असेल तर भरावं, मुद्दाम येऊ नये. आता तर तेवढा फरकही राहिला नाही. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने ५ रुपये उतरवले आणि जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर नेला, लिटरमागे ३ रुपये वाढले. दोन्हीकडून फरक घटत गेला.

पण माझा राग दाजींवर नाही, खरं सांगते. पाचशे रुपयांवर आहे.

वहीवरून भांडण झालं तेव्हा हे म्हणाले, "पेट्रोल कामाला लागतंय, मजेला नाही." ठीक आहे. जानेवारी २०२२ चा अख्खा महिना मी रोज रात्री झोपायच्या आधी बॅटरी घेऊन गाडीच्या मीटरवरचा आकडा लिहिला. थंडी मरणाची, कुत्रं भुंकायचं, शेजारीण विचारायची काय हरवलंय. घर ते कंपनी सोळा किलोमीटर, जाऊन-येऊन बत्तीस, सव्वीस दिवस, झाले ८३२. महिनाअखेरीला मीटर ११४० पुढे गेलेलं. मधले ३०८ कुठे गेले? फाट्यावरचा कट्टा, बाचीच्या मित्राकडे, क्रिकेटच्या मॅचा, रविवारी 'जरा जाऊन येतो'. गाडी लिटरला ४८ धरली तर साडेसहा लिटर, साधारण साडेसहाशे रुपये. माझे कापलेले ५०० त्यात बसून वर दीडशे उरतात. मी कागद ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी बघितला, भाकरी मोडली, म्हणाले, "मीटर खराब हाय त्या गाडीचं."

तर मीटर खराब. तुमचं चांगलं असेल तर एक महिना हे करून बघा, दुसरं काही करण्याआधी. कामाचे किलोमीटर वेगळे, बाकीचे वेगळे.

आणखी एक. आपल्याकडे पंपावर कुणी लिटर मागत नाही. "दोनशेचं टाक" म्हणतो. दोनशेच्या दोनशेच राहतात, त्यामुळे वाढ खिशाला त्या दिवशी कळतच नाही. पूर्वी सोमवारी टाकलेलं शनिवारपर्यंत जायचं, ते गुरुवारीच काटा लालमध्ये. मग मधे आणखी शंभराचं. ते शंभर कुठल्याच हिशेबात नसतात. लिटरमध्ये मागा, दोन लिटर, चार लिटर. भाव वाढला तर जास्त पैसे मोजताना हाताला चटका बसतो, तो बसायलाच पाहिजे. हे मी घरी सांगून थकले.

आणि 'रोज वाढतंय, रोज वाढतंय' हेही सगळं खरं नाही. जून २०१७ पासून दर रोज ठरतात, पण मे २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा शुल्क उतरवलं, तिथून मार्च २०२४ पर्यंत आमच्याकडे पेट्रोल एकशे दोनच्या आसपास जवळपास हललंच नाही. मार्चमध्ये तर दोन रुपये कमी झालं. त्या पावणेदोन वर्षांतही आमच्या घरात 'पेट्रोल महागलंय' हे दर पहिल्या तारखेला ऐकू यायचंच. म्हणून म्हणते, पेट्रोल हे कारण आणि पेट्रोल ही सबब, दोन्ही वेगवेगळे मोजा. नाहीतर डाळ-तांदळातून कापत बसाल आणि गाडी कट्ट्यावर उभी.

बसने जा असं कुणी ना कुणी सांगेलच तुम्हाला. मी जाते. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसला तिकीट नाही, आधार दाखवलं की झालं. बुधवारी अस्तर, दोरे आणायला गणपत गल्लीत जाते ते बसनेच. पूर्वी ह्यांच्या मागे बसून जायचे, तेव्हा ते पेट्रोल म्हणे माझ्या नावावर पडायचं. पण तुम्ही पुरुष, तुम्हाला तिकीट आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडं १५ टक्क्यांनी वाढलं. तरी गाडीपेक्षा स्वस्तच पडतं. मात्र सकाळी सातची शिफ्ट असेल तर गर्दीत पायरीवर लटकत जावं लागतं, आणि दुसरी शिफ्ट रात्री सुटते तेव्हा बसच नसते. हे मी आधी लिहायला हवं होतं. ह्यांचीही एक आठवडा आड दुसरी शिफ्ट असते, तेव्हा गाडीशिवाय इलाज नाही, ते मी मान्य करते. सुळग्याचा एक जण ह्यांच्याच कंपनीत आहे, आता दोघं एका गाडीवर जातात, एक आठवडा ह्याची, एक आठवडा त्याची. ही युक्ती माझी, पण घरात ती ह्यांच्याच नावावर आहे. त्यातून हजारभर वाचतात. म्हणजे वाचायला पाहिजेत.

घरच्या बाईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २ हजार येत असतील तर त्याकडे पेट्रोलवाल्याने बघायचं नाही, हेही सांगून ठेवते. आमच्याकडे पहिला हप्ता आला त्या संध्याकाळी प्रश्न आला, "मग आता भाजीला पुरतंय की?"

गाडी सध्याच्या पेट्रोलवर कमी पळते ही तक्रार तुम्ही केलीय, ती खोटी नाही. वीस टक्के इथेनॉल असतं त्यात, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून त्याला नावं ठेवायची म्हणजे माहेरी भांडण. माझ्या वडलांचा ऊस आहे. तेव्हा तो विषय इथेच सोडते.

मागच्या महिन्यात अक्काचा फोन आला होता. आता नीट बोलते. म्हणाली, "तुमच्याकडं येणं होतच नाही बघ, दाजींना वेळच मिळत नाही." मी म्हटलं, या की, मटण करते. मी फोन ठेवल्यावर हे मला म्हणाले, "बोलावलंस खरं, येतील असं वाटतंय तुला?" मी विचारलं, आज इकडं किती आणि तिकडं किती? त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं. रुपयाभराचा फरक होता. काकवीचा कॅन अजून आमच्या परसात आहे, त्यात मी फिनेल ठेवते.