आजी फाटका टी-शर्ट का टाकू देत नाही

प्रिय मनू,

परवा गाडीत तू एकदम दोन प्रश्न विचारलेस आणि मी हायवेवर असल्यामुळे "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पहिला प्रश्न, आजी इथे आली की फाटका टी-शर्टसुद्धा कचऱ्यात टाकू देत नाही, ते आपण पूर्वी गरीब होतो म्हणून का. आणि दुसरा, शाळेत जुन्या कपड्यांचं काहीतरी करून न्यायचंय तर आपल्या मराठी लोकांचं असं खास काय करता येईल. उत्तर मोठं आहे म्हणून लिहूनच देतो, कुठे अडलीस तर आईला विचार.

गरिबीचं आधी सांगतो. हो, थोडं त्यामुळेच. आजीच्या लहानपणी नवे कपडे म्हणजे दिवाळीला, फार तर कुणाच्या लग्नात, बाकी वर्षभर मोठ्या भावंडांचे कपडे धाकट्यांना यायचे आणि कुणाला त्यात काही वाटायचं पण नाही. पण ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्या घरीसुद्धा जुनं कापड टाकत नव्हते, मग फक्त गरिबी हे कारण पुरत नाही ना. खरं कारण माझ्या मते असं की घरातलं बहुतेक कापड सुती असायचं, आणि सुती कापड जुनं झालं की काही कामांना नव्यापेक्षा जास्त चांगलं होतं. नव्या कापडाला खळ असते, ते कडक असतं, पाणी नीट पीत नाही. तेच कापड दोन-चार वर्षं धुऊन धुऊन इतकं मऊ होतं की तान्ह्या बाळाच्या अंगाखाली तेच घालावंसं वाटतं. म्हणून आपल्याकडे बाळ यायच्या आधी आज्या, मावश्या, आत्या सगळ्या मिळून जुन्या साड्या आणि धोतरं फाडून लंगोट आणि दुपटी करून ठेवायच्या. तू झालीस तेव्हाही आजी बॅग भरून अशी दुपटी घेऊन आली होती, आणि इथली नर्स कौतुकानं बघत होती की हे एवढं मऊ कापड कुठल्या दुकानात मिळतं.

म्हणजे बघ, कापड जुनं झालं की त्याचं काम बदलायचं, एवढंच. साडी नेसून विरली की तिचा चांगला भाग दुपट्याला किंवा गोधडीला, गोधडी फाटली की तिचं पायपुसणं, पायपुसण्याच्या पण चिंध्या झाल्या की पोतेरं, आणि एखादी स्वच्छ सुती पट्टी उरली तर तिला पीळ देऊन तेलात भिजवून काकडा. पहाटे देवळात काकड आरती असते ना, ती त्याच काकड्याची. आणि जे कपडे धड असायचे पण कुणाला बसत नव्हते ते बोहारणीला. ती दारात टोपलीभर स्टीलची भांडी घेऊन बसायची, प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून विरलाय का बघायची, आणि मग अर्धा-अर्धा तास घासाघीस, आजी म्हणणार या चार शर्टांचं पातेलं दे, ती म्हणणार अजून एक साडी टाका, शेवटी आजोबांची एखादी पँट त्यांना न विचारता जायची. बोहारीण ते कपडे पुढे विकायची, ते दुरुस्त होऊन परत कुणाच्या तरी अंगावर. इथे आपण कपडे पार्किंगमधल्या पेटीत टाकून येतो तसंच काहीसं, फक्त इथे पातेलं मिळत नाही.

आता गोधडी. सातारा-कोल्हापूरकडे वाकळ पण म्हणतात. तुझ्या टीचरला दाखवायला हीच सगळ्यात चांगली, कारण तिच्यात थोडं गणित पण आहे. आजीची आई नेसायची ती नऊवारी साडी, नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. तिची लांबीत चौपदरी घडी घाल, किती झाले? दोन मीटरच्या थोडं वर. आणि पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, सव्वा मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे एका साडीत एका माणसाचं अंथरूण, काही कापायला नको. मध्ये जुनी धोतरं, चादरी, जे काय असेल ते घालायचं, आणि बाहेरून त्यातल्या त्यात धड साडी. मग सगळे थर धरून ठेवायला हातानं धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेले साधे सरळ टाके, ओळीमागून ओळ. थरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब लागते, आणि टाके जवळजवळ असल्यामुळे आतलं जीर्ण कापड गोळा होत नाही. आतला थर पार विरलेला असला तरी चालतं, ते यातलं खरं डोकं.

तुझ्या वर्गातल्या त्या बंगाली मुलीला विचार, तिच्या घरी याचीच बहीण असणार, कांथा. कर्नाटकात कौदी करतात, आणि जपानमध्ये ठिगळांवर ठिगळं लावून शिवलेल्या जुन्या कपड्यांना बोरो म्हणतात, ते आता म्युझियममध्ये ठेवतात. त्यामुळे शाळेत "हे फक्त आमचंच" असं सांगू नकोस, ते खरं नाही. आणि कुणी विचारलं की हे ठिगळांचं पांघरूण म्हणजे कमीपणाचं नाही का, तर गाडगेबाबांचं सांग. आजीच्या देवघराशेजारी फोटो आहे तेच, हातात मडकं असलेले, १८७६ ते १९५६. ठिगळं लावलेले कपडे घालूनच फिरायचे, त्यामुळे लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा असंही म्हणायचे. गावात आले की आधी हातात झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच कपड्यांत कीर्तन, आणि ते ऐकायला गर्दी उसळायची. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

तुला अख्खी गोधडी शिवायला वेळ नाही, म्हणून बसायचं आसन कर, ५० सेंटीमीटरचा चौकोन. माझा निळा सुती पायजमा आणि आईची फुलांची जुनी चादर बाहेरून, आत दोन विरलेले टी-शर्ट. आधी सगळं धुऊन इस्त्री करून घे, सुरकुतीवर शिवलं तर ती सुरकुती जन्मभर राहते. जमिनीवर पसर, कोपऱ्यांना चिकटपट्टी लाव, आणि मधून बाहेरच्या बाजूला मोठे मोठे कच्चे टाके घाल, ते शेवटी काढून टाकायचे आहेत. मग बाहेरच्या कडा अर्धा इंच आत दुमडून कडेनं सुरू कर आणि गोल गोल नव्हे, चौकोनी चौकोनी आत जा, दर ओळीत दोन सेंटीमीटर अंतर. मी हिशोब केला, साधारण १४ मीटर धावदोरा होतो, म्हणजे दोरा १६-१७ मीटर तरी लागेल, रीळ नवीन घे. पण सुईत एका वेळी हातभरच ओव, लांब ओवलास की गुंता होतो आणि मग तू चिडतेस. टाके सरळ नाही आले तर उसवत बसू नकोस, आजीच्या गोधड्यांमध्ये कुठली ओळ कुणी शिवली ते तिरपेपणावरूनच कळतं. बोटाला टोचतंय म्हणालीस तर अंगुस्तान शिवणाच्या डब्यात आहे, बोटात घालायची ती छोटी टोपी. डब्यावर श्रीखंडाचं चित्र आहे, आत श्रीखंड नाही, उगाच आशेनं उघडू नकोस. आणि जीन्स आत घालायचा विचार पण करू नको, चार थरांत हातानं सुई जात नाही.

हल्ली दुकानात नवंकोरं कापड तुकडे तुकडे करून शिवलेल्या महागड्या गोधड्या मिळतात, दिसायला सुंदर असतात, पण मला काही ते पटत नाही. नवं कापड आधी वापरा की. असो.

आसनाचा कंटाळा आला तर चुंबळ कर, दहा मिनिटांचं काम. बायका डोक्यावर हंडा घ्यायच्या तेव्हा खाली ठेवायची ती कापडाची गोल चकती. जुनी सुती ओढणी घे, तिरकी धरून पीळ दे, हाताच्या पंजाभोवती दोन-तीन वेढे घेऊन रिंग कर, टोक आत खोच आणि वरून दुसऱ्या रंगाची पट्टी घट्ट गुंडाळत जा. आपल्याकडे हंडा नाही पण गरम पातेलं टेबलावर ठेवायला मस्त होते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव, कापड सुतीच हवं, सिंथेटिक असलं तर गरम भांड्याखाली वितळतं, आणि चुंबळ कोरडी हवी, ओल्या कापडातून उष्णता लगेच खाली जाते आणि टेबलावर डाग पडतो.

टी-शर्टांसाठी मात्र वेणीचं पायपुसणं सगळ्यात बरं. बगलेच्या खालचा भाग घे, गोल गोल फिरत कापत गेलीस तर एका टी-शर्टाची एकच लांबलचक पट्टी निघते, रुंदी तीन-चार सेंटीमीटर ठेव. ती पट्टी दोन्ही हातांनी ओढ, कडा आपोआप आत वळतात आणि दोरी होते, त्यामुळे दोरे सुटायचा प्रश्नच नाही. अशा तीन पट्ट्यांची वेणी, मग वेणी जमिनीवर सपाट ठेवून गोल फिरवत शेजारच्या वेढ्याला टाके. हातात धरून शिवलंस तर वेढे ओढले जातात आणि पायपुसण्याची वाटी होते. झालीच तर वाटीच म्हणायचं, तिच्यात तुझी हेअरबँडं ठेव.

बाकी छोट्या गोष्टी खूप आहेत. पँटच्या एका पायाची पिशवी होते, पाय हवा तेवढा काप, उलटा करून खालची बाजू शिव, कमरेच्या पट्टीचे बंद लाव, झालं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा सगळ्यांनी नवीन कापडी पिशव्या विकत आणल्या, आणि आजीनं कपाटातून जुन्या पँटच्या पिशव्यांचा गठ्ठा बाहेर काढला, तिला इतका आनंद झाला होता की विचारू नकोस. शर्ट फाडायच्या आधी त्याची बटणं काढून ठेवायची, हा तर आजीचा कायदाच आहे. नारळ फोडला की अर्धी करवंटी मला सांगून ठेव, आतून-बाहेरून सँडपेपरनं घासायची, चिंध्या गच्च भरून वर सुती कापड ताणून चिकटवायचं, टाचण्या खोचायची उशी तयार. आणि बाहुली तर कात्रीशिवाय पण होते, एक चिंधी गोळा करून डोकं, दुसरी त्यावरून टाकून मानेशी गाठ, तिसरीची साडी. आम्ही अशा बाहुल्यांची लग्नं लावायचो, मी पण, हसू नकोस.

कपडा हातात घेतलास की आधी तो उजेडाकडे धर, बोहारणीसारखा. आरपार दिसत असेल तर गोधडीच्या आतला थर, थोडा विरलेला असेल तर चुंबळ, ताणला जात असेल तर वेणी, आणि अजून घट्ट असेल तर परत कपाटात, तो जुना झालेलाच नाही. तुझा जांभळा टी-शर्ट मी काल बघितला, तो फाटलेला नाही, फक्त तुला आवडेनासा झालाय, तो शेजारच्या छोटीला दे.

आईच्या ओढण्यांना हात लावायच्या आधी तिला विचार. हिरवी तर अजिबात नाही. आणि कात्री किचनमधली घेऊ नकोस, कापडाची वेगळी असते, माझ्या ड्रॉवरमध्ये खाली आहे, तिनं कागद कापलास तर आजीला फोन करून सांगेन.

तुझा,
बाबा