मांडवापाशी उभं राहून पाहणी होते का?

प्रश्न : वडोदऱ्यातल्या मराठी घरांत मुलं आईबाबांशी मराठीत बोलतात की गुजरातीत, हे मोजायचंय. दांडिया बाजारात गणपतीच्या मांडवापाशी शंभर जणांना विचारलं तर चालेल ना? — एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : नाही गं, मुळीच नाही! आरतीला येणारं घर बहुधा मराठी जपणारंच. मकरपुऱ्यात रात्रपाळी करून झोपलेला, गोत्रीच्या फ्लॅटमध्ये गुजराती बायकोबरोबर राहणारा तुला तिथे क्वचितच भेटेल. शंभराऐवजी हजार विचारलेस तरी खोट तीच. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कल पाहायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज छापला : लँडन जिंकणार. रूझवेल्टनी ४८पैकी ४६ राज्यं मारली! पत्ते मुख्यतः फोन नि मोटारवाल्यांचे, म्हणजे खात्यापित्या घरांचे, तेही ऐन मंदीत. शिवाय ज्यांना उत्तर द्यायची हौस, त्यांचीच उत्तरं.

आधी यादी जमव. एका मंडळाची वही पुरायची नाही. सोसायट्यांच्या नावपाट्याही उतरव, दुबार नावं खोड. समज, १२०० घरं निघाली. १ ते १२मधली एक चिठ्ठी उचल, तिथून दर बारावं घर घे. यादी भागवार लावलीस तर गोत्रीही सुटणार नाही. कुलूप दिसलं म्हणून शेजारी शिरू नकोस (चहा तिथेच मिळतो, ठाऊक आहे), संध्याकाळी परत जा. आणि आजी समोर असताना मुलांना विचारू नकोस. सगळी ‘मराठीच’ म्हणतील.