टीव्हीचे अब्जावधी डॉलर आणि नाशिकचा फ्लॅट

पत्र नाशिकहून आलं आहे. वय ५१, खासगी नोकरी, हातात महिन्याला १ लाख ६० हजार. पत्नी शिक्षिका, पगार ४५ हजार. मुलगी टेनिस चांगलं खेळते आणि तिच्यासमोर अमेरिकेतली दोन विद्यापीठं आहेत. एक ‘बिग टेन’ या क्रीडा-गटातलं (कॉन्फरन्समधलं) मोठं विद्यापीठ : संघात जागा, पण शिष्यवृत्ती शून्य, वर्षाचा खर्च ६५ हजार डॉलर. दुसरं लहान कॉन्फरन्समधलं : खर्च ४८ हजार, त्यातले ३० हजार शिष्यवृत्तीतून. सल्लागार म्हणतो मोठंच घ्या, दुसऱ्या वर्षापासून ती खेळातून वर्षाला २० हजार डॉलर कमावेल. वाचकांचा प्रश्न एवढाच : फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढू की शैक्षणिक कर्ज घेऊ?

नमस्कार. कर्ज कोणतं घ्यायचं ते शेवटी सांगतो. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात त्याहून मोठा घोळ आहे.

डॉलर ९० रुपये धरू. मोठ्या विद्यापीठाचे वर्षाला ५८ लाख, चार वर्षांचे २ कोटी ३४ लाख. तुमची जुळवणी अशी : फ्लॅटवर ७० लाख, शैक्षणिक कर्ज ५० लाख, युलिपचे (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचे) १७ लाख, पीपीएफ आणि म्युच्युअल फंडातले ३८ लाख. झाले पावणेदोन कोटी. उरलेले ६० लाख कुठून? त्यातले ५४ लाख मुलीच्या ‘कमाई’तून. ही कमाई येणार नाही.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी सामने खेळणाऱ्या आणि त्या सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा गट. बिग टेनचा २०२३ पासूनचा सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरहून मोठा आहे, हे खरं. पण हा पैसा मिळवतो प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉल, त्याखालोखाल पुरुषांचं बास्केटबॉल, आणि खर्चही मुख्यतः तिथेच होतो. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला सिंहाचा वाटा याच दोन खेळांचा. शिष्यवृत्तीविना संघात आलेल्या टेनिसपटूच्या वाट्याला काय येणार, ते तुम्हीच पाहा. शिवाय याच तडजोडीने संघात किती जण ठेवायचे यावर मर्यादा आणली, म्हणजे गळती लागली तर पहिली झळ अशाच खेळाडूंना.

राहिली जाहिरातींची कमाई. २०२१पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून कमावता येतं, पण तुमची मुलगी जाणार विद्यार्थी व्हिसावर. तिथे राहून परवानगीशिवाय जाहिरातीचं काम केलं तर व्हिसाच धोक्यात येतो. परदेशी मुलांना खेळासाठी पाठवणाऱ्या सल्लागाराला हे माहीत नसेल तर त्याने हा धंदा करू नये, आणि माहीत असूनही त्याने तक्त्यात २० हजार डॉलर लिहिले असतील तर ही सरळ फसवणूक आहे.

‘बिग टेनचं नाव आयुष्यभर लागेल’ असंही तुम्ही लिहिता. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी १९३९मध्ये फुटबॉल बंद केलं, १९४६मध्ये कॉन्फरन्स सोडली, आणि आजही जगातल्या सर्वोत्तम विद्यापीठांत ते आहे. पदवीची किंमत विद्यापीठ आणि विभाग ठरवतात. आयव्ही लीग हीसुद्धा मुळात आठ विद्यापीठांची क्रीडा कॉन्फरन्सच, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. कॉन्फरन्स कायमही नसते : पॅक-१२ या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समधली बारापैकी दहा विद्यापीठं २०२४मध्ये बाहेर पडली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेनमध्ये गेली आणि आता त्यांचे संघ चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीतही सामने खेळतात. वर्गाचे तास बुडवून हा प्रवास करणाऱ्यांत टेनिसची मुलंही असतात.

आता फ्लॅट. तुम्ही ५८व्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे हाती सात वर्षं. १० टक्क्यांनी ७० लाखांचा हप्ता महिना १ लाख १६ हजार. पगार १ लाख ६०. धाकटा नववीत. आणि तुमचा विमा किती, तर युलिपमधले १५ लाख! उद्या तुम्हाला काही झालं तर पत्नीने ४५ हजारांत काय काय भागवायचं? एवढं कर्ज सुचवणाऱ्यांपैकी एकानेही हे विचारलं नाही, याचा मला राग येतो. त्या युलिपमध्ये नऊ वर्षांत साडेतेरा लाख भरून १७ लाख झाले, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्या काळात पीपीएफने सात ते आठ टक्के दिले. मुलांच्या शिक्षणाच्या नावाने तुम्हाला विकलेली ही पॉलिसी ना शिक्षणाची झाली, ना विम्याची.

लहान कॉन्फरन्सवालं विद्यापीठ घ्या. खिशातून वर्षाला १८ हजार डॉलर, म्हणजे १६ लाख. चार वर्षांचे ६५. फी वाढते, रुपया घसरतो, म्हणून ७५ धरा. पाच वर्षांचा लॉक-इन (पैसे काढता न येण्याचा काळ) संपला आहे, तेव्हा युलिप मोडा : १७ लाख. पगारातून वर्षाला साडेचार लाख : १८. उरलेले ४० लाख शैक्षणिक कर्ज, मुलगी मुख्य कर्जदार. ते फेडायचं तिच्या पगारातून, हे तिच्याशी आत्ताच स्पष्ट बोला. अमेरिकेत नोकरी लागेलच असं धरू नका; भारतातल्या पगारावर हप्ता झेपेल का, हे तपासा. पीपीएफ-फंडांच्या ३८ लाखांना हात लावू नका, ते तुमच्या म्हातारपणाचे आहेत. कर्जावर सही करण्याआधी १ कोटीचा टर्म प्लॅन (निव्वळ आयुर्विमा) घ्या. या वयात हप्ता जड वाटेल, तरी घ्या. युलिप मोडायची तीही त्यानंतरच.

प्रशिक्षकांना मुलीनेच ईमेल करावा : ३० हजारांची शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार? दुखापत झाली, किंवा प्रशिक्षक बदलले, तर ती चालू राहते का? उत्तर लेखी हवं. चारही वर्षांची लेखी हमी मिळाली नाही, तर वर्षाला ४८ हजारांचा हिशेब करून पुन्हा विचार करावा लागेल. आणि सल्लागाराचा २ लाखांचा दुसरा हप्ता बाकी आहे म्हणता, तो तूर्त थांबवा; २० हजार डॉलरचा आकडा कशाच्या आधारावर लिहिला, हे त्याच्याकडून आधी लेखी मागा.