वडिलांना फुप्फुसाचा टीबी निघालाय. माझी मॉन्टू टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण खोकला-ताप काही नाही. औषध घ्यावं का?

हो, घ्या, पण आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून सक्रिय टीबी नाही याची खात्री करून घ्या. त्वचेवरची मॉन्टू चाचणी असो वा रक्ताची इग्रा चाचणी, पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा जंतूंचा संसर्ग झालाय. ते सुप्त आहेत की जागे, हे दोन्हींतून कळत नाही. (बीसीजी लसीमुळेही मॉन्टू कधीकधी पॉझिटिव्ह येते, इग्रा नाही.) सुप्त संसर्गवाल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना पुढे टीबी होतो, आणि धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक. म्हणून कृपया टाळाटाळ करू नका. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या २०२१ च्या सूचनांनुसार रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक उपचार देतात:

- ६ महिने रोज आयसोनियाझिड, किंवा
- आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा, एकूण १२ डोस

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला आधी न्या. सक्रिय टीबी नसेल तर त्याला या चाचण्यांशिवायही औषध सुरू करतात. मात्र वडिलांचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल, किंवा तुम्हाला लिव्हरचा त्रास असेल, तर वरच्या गोळ्या चालतीलच असं नाही. त्यांचा रिपोर्ट सोबत न्या.